वागळे इस्टेटच्या गाळ्यात कानबान: कार्डं किती, कुठे आणि का

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे. ठाणे-नवी मुंबईतल्या या औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच गाळ्यांत शिरताच भिंतीवर आवराआवरीच्या पाच जपानी शब्दांचं एक पोस्टर दिसतं: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. खाली मराठीत किंवा हिंदीत अर्थ, आणि त्याच्याही खाली गेल्या वर्षीच्या मालाची पुठ्ठ्याची खोकी. ते पोस्टर उद्या काढलं तरी काही बिघडणार नाही. खरा प्रश्न हा की तुमच्याकडे माल कधी आणि किती मागवायचा हे कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी मालकाची आठवण किंवा स्टोअर सांभाळणाऱ्याची भीती. कानबान हा निर्णय दोघांकडून काढून एका कार्डाकडे सोपवतं.

कानबान म्हणजे जपानीत दुकानाची पाटी. अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी ही कल्पना घेतली: गिऱ्हाइकानं फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. १९५३ च्या सुमारास टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ती सुरू झाली. आपल्याकडे जुन्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. आरेच्या दुधाची रिकामी बाटली दाराबाहेर ठेवली की तीच उद्याची ऑर्डर असायची. बाटल्या दोन, म्हणून दूध दोनच. तिसरी हवी तर तिसरी बाटली हवी.

उदाहरणासाठी एक छोटा गाळा धरू. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी थ्री-फेज स्टार्टर पॅनेल बनवणारा, रोज १२ पॅनेल काढणारा. प्रत्येक पॅनेलमध्ये एक कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), एक ओव्हरलोड रिले (जादा भार आला की मोटर बंद पाडणारा), दोन पुश बटणं, तीन इंडिकेटर दिवे, आणि लग, स्क्रू, ग्लँड हा किरकोळ माल.

कार्ड कशाला लावायचं, कशाला नाही

पहिली चूक इथेच होते. उत्साहात सगळ्याच मालाला कार्डं छापली जातात आणि महिनाभरात दोनशे कार्डं कुणालाच सांभाळता येत नाहीत. रोज लागणारा आणि पैसा अडकवणारा माल, म्हणजे कॉन्टॅक्टर, रिले, एमसीबी, त्याला कार्ड. स्क्रू, लग, फेरूल, ग्लँड यांना कार्ड नको, दोन डबे पुरतात. एखाद्याच ऑर्डरसाठी लागणारी वस्तू, उदाहरणार्थ वेगळ्या मापाचं एन्क्लोजर (पॅनेलची पेटी) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), कानबानमध्ये आणूच नका. ती त्या कामापुरती मागवा.

कार्डांआधी पोस्टरवरच्या पाचांपैकी पहिली दोन कामं मात्र करावी लागतात: सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं, सेइतोन म्हणजे हवं त्याला जागा देणं. ज्या मालाची गरज कुणालाच सांगता येत नाही त्यावर तारीख टाकून लाल चिठ्ठी लावा आणि एका कोपऱ्यात जमा करा. ३० दिवसांत कुणी हात लावला नाही तर भंगारात किंवा डीलरकडे परत. उरलेल्या मालाला पत्ता द्या: रॅक ब, कप्पा ३, जागा २. पत्ता रॅकवर आणि डब्यावर, दोन्हीकडे हवा. फक्त डब्यावर असला तर डबा हलतो आणि पत्ताही त्याच्याबरोबर हलतो.

कार्डं किती, याचा हिशेब

रोजचा खप काढताना खरेदीची बिलं बघू नका. खरेदी गठ्ठ्यानं होते, खप थेंबाथेंबानं. मागच्या चार आठवड्यांची डिलिव्हरी चलानं काढा, गेलेली पॅनेल मोजा आणि कामाच्या दिवसांनी भागा.

मग माल यायला लागणारे दिवस. इथे डीलर सांगतो तो आकडा अपुरा असतो. लोहार चाळीतला डीलर ‘दोन दिवसांत’ म्हणतो ते फोन केल्यापासून. पण तुमच्याकडे कार्ड दिवसातून एकदाच गोळा होत असेल, तर ते गोळा करायच्या तारेला अडकून एक दिवसापर्यंत नुसतं वाट बघतं. तो दिवसही धरायचा. म्हणजे एकूण तीन.

सूत्र असं: रोजचा खप गुणिले दिवस गुणिले १.२, भागिले एका डब्यातले नग. १.२ म्हणजे वीस टक्के उशी. कॉन्टॅक्टर रोज १२, दिवस ३, डब्यात १०. १२ × ३ × १.२ म्हणजे ४३.२, भागिले १० म्हणजे ४.३२. अपूर्णांक नेहमी वरच्या बाजूला न्यायचा, म्हणजे ५ कार्डं. याचा अर्थ उघडलेल्या डब्यातले उरलेले नग सोडले तर गाळ्यात आणि वाटेवर मिळून कधीही ५० पेक्षा जास्त कॉन्टॅक्टर असणार नाहीत. ‘शंभर घ्या, पाच फुकट’ ही डीलरची स्कीम इथे अडते. शंभर नगांना कार्डं नाहीत, त्यामुळे ते ठेवायला जागाही नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा करा. सायन-कुर्ल्यात पाणी भरलं की टेम्पो एक दिवस तरी उशिरा येतो. दिवस ४ धरले तर १२ × ४ × १.२ = ५७.६, म्हणजे ६ कार्डं. हे सहावं कार्ड निळ्या कागदावर छापा, १५ जूनला रॅकवर लावा आणि सप्टेंबरअखेर काढा. वर्षभर सहाच ठेवले तर काय होईल, असं विचारणारा भेटतोच. साडेआठ महिने दहा कॉन्टॅक्टरचे पैसे झोपून राहतील, एवढंच.

किरकोळ मालासाठी दोन डबे. स्क्रू एका पॅनेलला १६, रोज १९२. यायला पाच दिवस, म्हणजे ९६०, त्यात वीस टक्के मिळवून ११५२. दुसऱ्या डब्यात सरळ १२०० ठेवा आणि झाकणाला टेप लावा. पहिला डबा संपला आणि टेप फाडली की ऑर्डर द्यायची. मोजायला हात लावू नका, वजन करा. पण नमुना १० स्क्रूंचा घेऊ नका. १० स्क्रू १४ ग्रॅम भरले आणि काटा १ ग्रॅमनं चुकला तर ती सात टक्के चूक, १२०० मागे ऐंशीच्या वर स्क्रू. १०० चा नमुना घेतला तर तीच चूक आठ-नऊ स्क्रूंवर येते.

कार्डावर काय आणि कार्ड फिरतं कसं

ए-फोर कागदाचे चार भाग, एका भागात एक कार्ड. वर मालाचं नाव, पण कॅटलॉगमधलं नाही, मिस्त्री हाक मारतो ते. ‘छोटा कॉन्टॅक्टर’ म्हणत असतील तर तेच लिहा, कॅटलॉग नंबर खाली बारीक अक्षरात. फोटो हवाच. गाळ्यातले निम्मे हेल्पर मराठी वाचत नाहीत, काही जण काहीच वाचत नाहीत. फोटोशेजारी रॅकचा पत्ता, डब्यातले नग, डीलर, किती दिवस, आणि ‘५ पैकी ३’ असा कार्डाचा नंबर. हा शेवटचा नंबर नसेल तर हरवलेलं कार्ड कधी लक्षातच येत नाही.

कार्ड डब्यात, मालाच्या वर. डब्यातला पहिला नग उचलतानाच ते काढायचं आणि बाहेरच्या तारेला अडकवायचं. शेवटचा नग उचलल्यावर नाही. वरचं सूत्र पहिल्या नगाचं आहे. शेवटच्या नगाला काढायचंच ठरवलं असेल तर आलेल्या संख्येत एक कार्ड वाढवा. ही गोष्ट बहुतेक जण सांगायला विसरतात आणि मग तिसऱ्या आठवड्यात ‘कानबान आपल्याकडे चालत नाही’ असा निकाल लागतो.

सकाळी ११ वाजता एक माणूस तारेवरची कार्डं गोळा करतो, टेबलावर ओळीनं मांडून फोटो काढतो आणि डीलरला व्हॉट्सॲपवर पाठवतो. दोन कार्डं म्हणजे वीस नग, वेगळा हिशेब नको. मग कार्डं ‘मागवलं’ लिहिलेल्या कप्प्यात. माल आला की तपासून डब्यात, कार्ड वर, डबा पत्त्यावर. डीलरनं दहाऐवजी सहाच पाठवले तर? कार्ड ‘मागवलं’मध्येच राहू द्या, त्याला लाल क्लिप लावा, सहा नग डब्यात टाका. कार्ड डब्यात गेलं तर उरलेल्या चार नगांची आठवण फक्त डीलरकडे राहील, आणि तो विसरतो.

गाळ्याच्या आतही हेच. दरवाज्याचं वायरिंग एका टेबलावर आणि जोडणी दुसऱ्यावर असेल, तर वायरिंगवाल्यानं कार्ड आल्याशिवाय दरवाजा करायचा नाही. ट्रॉलीत चार दरवाजे, लागणारा वेळ अर्धा दिवस: १२ × ०.५ × १.२ भागिले ४, म्हणजे १.८, दोन कार्डं. दोन्ही ट्रॉल्या भरल्या की वायरिंगवाला मोकळा. हे बघवत नाही. मोकळा माणूस दिसला की मालक त्याला आणखी दरवाजे करायला लावतो आणि तिथेच सगळं मोडतं. त्याला जोडणीवर पाठवा, जिग दुरुस्त करायला लावा, नाहीतर चहा पिऊ द्या. पण नववा दरवाजा नको.

एका आठवड्यात ४० पॅनेलची जादा ऑर्डर आली तर कानबान ती पेलत नाही आणि पेलावी अशी अपेक्षाही नाही. शक्य असेल तर ग्राहकाशी बोलून ती दहा दिवसांत रोज चार अशी पसरवा. जपानीत याला हेइजुन्का म्हणतात. त्यासाठीची कार्डं कोपरा कापून छापा आणि एकदा वापरून फाडून टाका. कोपरा कापलेलं कार्ड परत तारेवर दिसलं तर कुणाला तरी विचारायला हवं.

कार्डावर क्यूआर कोड

वागळे सर्कलच्या चहाच्या टपरीवर पैसे भरताना स्कॅन करता तो चौकोन कानबानच्याच घरातला. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सोमध्ये खोक्यांवर बारकोड असायचे. एका बारकोडमध्ये वीसेक अक्षरंच मावायची, म्हणून एका खोक्यावर अनेक बारकोड एकामागून एक वाचावे लागत. मासाहिरो हारा यांच्या छोट्या गटानं १९९४ मध्ये त्यावर क्यूआर कोड काढला. आखणी सुचली ती गो या पटावरच्या खेळाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं रेघ मारली तरी काळं-पांढरं १:१:३:१:१ याच प्रमाणात येतं. छापील मजकुरात सर्वांत कमी सापडणारं प्रमाण शोधून त्यांनी ते निवडलं, म्हणून कॅमेरा कोडला शेजारच्या मजकुरात हरवत नाही. पेटंट होतं, पण कंपनीनं वापरावर हक्क गाजवला नाही.

तुमच्या कार्डासाठी कोडमध्ये लांब लिंक घालू नका. फक्त कार्डाचा नंबर घाला, इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे, १६ च्या आत. देवनागरी घातली तर प्रत्येक अक्षराला चौपटीहून जास्त जागा लागते आणि जाळी दाट होते. चूक सुधारण्याच्या चार पातळ्या असतात: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. तेल, ग्रीस, बोटांचे ठसे धरून २५ टक्क्यांची पातळी निवडा. त्या पातळीवर १६ अक्षरं सर्वांत लहान, २१ × २१ घरांच्या कोडमध्ये मावतात. एक घर १ मिलिमीटर धरलं तर कोड २१ मिलिमीटर, आणि चारही बाजूंनी चार-चार घरांची पांढरी मोकळी कड, एकूण २९. ही कड झेरॉक्सवाला ‘जागा वाया जाते’ म्हणून कापतो. ती कापली की फोन अडखळतो.

लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पट्टी पडते आणि कोड वाचला जात नाही. कोड काळ्यातच छापा. लाल प्रकाशाच्या हातातल्या स्कॅनरला लाल शाई पांढरी दिसते. स्कॅनर विकत घेताना तो टू-डी आहे ना बघा, कारण जुना लेझर स्कॅनर फक्त आडवे बारकोड वाचतो. ब्लूटूथ स्कॅनर कीबोर्डसारखा वागतो: कॉम्प्युटरवरच्या स्प्रेडशीटच्या रिकाम्या घरात कर्सर ठेवून स्कॅन केलं की नंबर टाइप होतो. एवढं पुरतं. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना सहा महिन्यांनी बोलवा.

आणि कागदी कार्ड काढून टाकू नका. तारेवर लटकणारी पाच कार्डं लांबून दिसतात. शीटमधल्या पाच ओळी उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

चुका अडवणारा ट्रे

कार्डं फिरू लागली की साठा कमी होतो आणि आधी साठ्यात लपलेल्या चुका वर येतात. खराब दरवाजा पुढे गेला तर बदलायला दुसरा तयार नसतो. त्यामुळे पोका-योके, म्हणजे चूक अडवणारी साधी युक्ती, जोडीनंच बसवावं लागतं. हा शब्द जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचा. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगो यांनी सुचवलं की आधी दोन स्प्रिंग एका छोट्या बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर स्विचमध्ये एक कमी. सुरुवातीला ते अशा युक्तीला बाका-योके, म्हणजे मूर्खपणा रोखणारं, म्हणत. १९६३ मध्ये आराकावा बॉडी या कारखान्यातल्या एका कामगार बाईला ते लागलं, ती रडली, आणि शब्द बदलून पोका-योके झाला. पोका म्हणजे अनवधानानं झालेली चूक. आपल्या गाळ्यात ‘डोकं कुठे होतं?’ ओरडण्याआधी हा बदल आठवावा.

तुमचा ट्रे असा करा. २५ मिलिमीटर जाड फोममध्ये दोन बटणं, तीन दिवे, नेमप्लेट आणि तिचे चार रिव्हेट यांच्या आकाराचे खड्डे कापा. खड्ड्याच्या तळाला लाल टेप लावा. ट्रे भरताना लाल दिसलं तर काहीतरी कमी आहे. दरवाजा झाल्यावर सगळीकडे लालच दिसायला हवं. एखाद्या खड्ड्यात लाल दिसत नसेल तर तो नग दरवाज्यावर बसलेला नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. २३० व्होल्ट आणि ४१५ व्होल्ट कॉइलचे कॉन्टॅक्टर बाहेरून सारखेच दिसतात, आकडा बारीक छापलेला असतो. २३० च्या कॉइलला ४१५ मिळालं की कॉइल जळते. उलट झालं तर कॉन्टॅक्टर नीट ओढत नाही, खडखडतो. म्हणून दोघांचे डबे वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या रॅकवर ठेवा, कार्डाचा रंगही तोच. शेजारी-शेजारी ठेवून नुसती चिठ्ठी लावणं म्हणजे पोका-योके नव्हे. चिठ्ठी वाचावी लागते, रंग आपोआप दिसतो.

टर्मिनलचे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं, कॉन्टॅक्टरच्या पत्रकात लिहिलेल्या आकड्यावर सेट करून आवळा. टक आवाज आला की पेंट मार्करनं रेघ मारा. सैल टर्मिनल गरम होतं आणि तक्रार सहा महिन्यांनी येते. शेवटच्या तपासणीत जपानी रेल्वेची बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची पद्धत लावा: ‘आर फेज, रेघ आहे’, ‘वाय फेज, रेघ आहे’. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत दर शंभर कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. पहिले आठ दिवस सगळे हसतात.

थांबवायचं बटण

टोयोटा ज्यांच्या घराण्यातून उभी राहिली त्या साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. भिवंडीतल्या साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागिराची नजर जाईपर्यंत कापड चुकतच राहतं, हा फरक ठाणे जिल्ह्याला वेगळा सांगायला नको. टोयोटानं ‘स्वयंचलन’ या शब्दातल्या एका चिन्हाला माणसाचं चिन्ह जोडून जिदोका हा आपला शब्द घडवला: चूक दिसताच यंत्रानं स्वतः थांबायचं.

तुमच्यासाठी प्रत्येक टेबलावर एक टॉगल स्विच आणि वर लाल दिवा पुरे. याला आन्दोन म्हणतात, मुळात कागदी कंदील. फक्त घंटी लावू नका, शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसच्या आवाजात ती ऐकू येत नाही. दिवा लागला की कोण येणार त्याचं नाव भिंतीवर लिहा. एका मिनिटात यायचं. दिवा बंद करायचा तो आलेल्या माणसानं, वहीत वेळ, टेबल आणि चार शब्दांत कारण लिहिल्यावर. पहिल्या आठवड्यात दिवा एकदाही लागला नाही तर खूश होऊ नका. हेल्पर मालकाला थांबवायला घाबरतोय, एवढाच त्याचा अर्थ. पहिला दिवा लागेल तेव्हा मालकानं स्वतः जावं आणि न ओरडता परत यावं. गाळ्याचं लक्ष दिव्याकडे नसतं, मालकाच्या चेहऱ्याकडे असतं.

कार्ड काढून बघणं

तीन महिने सुरळीत गेले की कॉन्टॅक्टरचं एक कार्ड काढून खणात ठेवा. चार कार्डं म्हणजे ४० नग, तीन दिवसांचा खप ३६. चालतं, पण उशी पातळ होते. तारेवर कार्ड आणि रॅकवर मोकळी जागा एकाच वेळी दिसू लागली की कुठे अडतंय ते वहीत सापडेल. बहुतेक वेळा अडतं ते कार्ड गोळा होण्यात. सकाळी ११ बरोबर दुपारी ४ वाजताही गोळा केली तर वाट बघण्याचा वेळ अर्ध्यावर येतो: १२ × २.५ × १.२ भागिले १०, म्हणजे ३.६, चार कार्डं, आणि पूर्ण वीस टक्के उशीही शाबूत. तिसऱ्या कार्डापर्यंत जायचं तर दिवस २ वर आणावे लागतील. ते डीलरशी बोलल्याशिवाय होत नाही, आणि बोलायला जाताना फोटोंचा इतिहास बरोबर न्या: किती वेळा त्यानं दहाचे सहा पाठवले, ते लाल क्लिपांतून मोजलेलं असेल. काढलेलं कार्ड फाडू नका. जूनमध्ये निळं कार्ड लावताना पुन्हा हिशेब करायचा आहे, आणि तेव्हा तेही लागू शकतं.